न वळवलेली मान

गल्लीत त्यांना सगळे टेपकाका म्हणत. चाळीस वर्षं जमिनीच्या मोजणीत गेली, आणि निवृत्त झाल्यावरही खिशात मोजायची टेप असायचीच. कुणाचं कपाट दारातून आत जाईल का, कुणाच्या खिडकीला पडदा किती लागेल, हे विचारायला लोक येत आणि काका हातातला चहा अर्धा टाकून उठत. त्यामुळे त्यांच्या बायकोला आपोआप टेपकाकू हे नाव पडलं. काकूंनी एकतीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालय सांभाळलं होतं. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे त्या बसल्या जागेवरून सांगत. पण नाव मिळालं ते नवऱ्याच्या टेपेचं. त्या हसण्यावारी नेत.

काकांचा जीव एका गाडीत होता. मामांकडून आलेली, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची, दोनच माणसं बसतील अशी. वरचं कापडी छप्पर मागे दुमडून ठेवता यायचं, म्हणून घरात तिला ‘उघडी’ म्हणत. लेक लहान असताना फोनवर कुणाला तरी म्हणाली होती, “बाबा घरी नाहीत, उघडीला घेऊन फिरायला गेलेत,” आणि त्या वाक्यावर घर पुढे कित्येक वर्षं हसलं.

छप्पर मागे टाकलेलं असलं की चारी दिशा मोकळ्या. छप्पर चढवलं की मात्र पंचाईत. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत कापड खांद्यापर्यंत खाली यायचं, घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावावीत तसं. मागची खिडकी वहीच्या पानाएवढी, आणि तिचं प्लास्टिक इतकं जुनं की त्यातून उजेड तेवढा यायचा, माणूस दिसायचा नाही. बाहेरचा आरसा एकच, चालकाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे. डाव्या अंगाला, दारापासून मागे, काही म्हणजे काही कळत नसे. तिथे सायकल असो की हत्ती, चालकाला पत्ता नाही.

गाडीची देखभाल करणारा मिस्त्री दर खेपेला सांगायचा की डावीकडे एक आरसा लावून घ्या, दोन स्क्रूचं काम आहे. काका ऐकत नसत. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला डावा आरसा नव्हता, मग आता मूळ पत्र्याला भोक कशाला पाडायचं, असं त्यांचं म्हणणं. मग काकूंकडे बोट दाखवून म्हणत, “आमचा डावा आरसा हा. चालता-बोलता.”

आणि खरोखरच त्यांची पद्धत बसली होती. डावीकडे वळायचं किंवा डावीकडच्या रांगेत शिरायचं झालं की काका विचारत, “डावीकडे?” काकू आपल्या बाजूची प्लास्टिकची झडप उचलत, मान मागे वळवून बघत, आणि रस्ता मोकळा असला तर म्हणत “जा”, नसला तर “थांबा”. एकवीस वर्षं हे चाललं होतं. साधा ओरखडा नाही.

त्या रविवारी दुपारी जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींचं एकत्र जमणं होतं. गावाबाहेरच्या एका बागेत पंधरा-वीस गाड्या ओळीने उभ्या, बायका खुर्च्यांवर, पुरुष बॉनेटांमध्ये डोकी घालून. जेवणं झाल्यावर काकांनी आपली ठेवणीतली गोष्ट काढली. काकू तरुणपणी गाडी शिकायला निघाल्या होत्या आणि मागे घेताना ग्रंथालयाच्या दारातली पुस्तकं परत टाकायची पेटी त्यांनी आडवी केली होती, ती गोष्ट. ही गोष्ट काकूंनी निदान पन्नास वेळा ऐकली होती. पण त्या दिवशी काकांनी शेवटाला नवीन शेपूट जोडलं. म्हणाले, “तेव्हापासून मी हिला फक्त डोळ्यांचं काम दिलंय. डोक्याचं आणि हातांचं मी बघतो.”

सगळे हसले. समोरच्या खुर्चीतली, त्याच दिवशी ओळख झालेली एक तरुण बाई तर पोट धरून हसली. काकूंनीही ओठ ताणले. पण आत काहीतरी टोचलं ते टोचलंच. एकतीस वर्षं ज्या बाईच्या डोक्यावर अख्खं ग्रंथालय चाललं, तिला डोक्याचं काम नाही.

परतताना वारा गार होता म्हणून छप्पर चढवलं होतं. काका खुशीत होते, कुणाच्या गाडीचा कार्ब्युरेटर कसा आहे ते सांगत होते. काकूंनी ठरवलं होतं, घरी पोहोचेपर्यंत बोलायचं नाही. हात मांडीवर, नजर समोरच्या काचेवर. काकांच्या ते लक्षातही आलं नाही, आणि ते लक्षात येत नाही याचा काकूंना आणखी राग येत होता. झडप मघाशी उचललेली तशीच होती, गार वारा कानावर येत होता, तरी त्यांनी ती लावली नाही.

पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावर गाडी मंदावली. डावा दिवा टिकटिकायला लागला.

“डावीकडे?” काकांनी विचारलं.

मान वळवायला जेमतेम एक क्षण लागतो. काकूंनी ती वळवली नाही. त्या कोपऱ्यावर त्या वेळेला कधी कुणी नसतं, हे त्यांना माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना ते डोळ्यांचं काम करायचंच नव्हतं.

“जा,” त्या समोर बघत म्हणाल्या.

काकांनी चाक फिरवलं. आवाज मोठा झाला नाही. जड गाठोडं दारावर आपटावं तसा झाला, आणि मग पत्र्यावरून लोखंड घासत गेल्याचा.

सायकलवर एक शिंपीणबाई होती. बाजारामागच्या गल्लीत तिचं दुकान, सगळे तिला टेलरताई म्हणत. चाळिशीची, एकटी राहणारी, अंगाने काटक. सायकलच्या मागे शाळेच्या गणवेशांचं गाठोडं होतं, ते सुटून निळे शर्ट रस्ताभर पसरले होते. ती उजव्या हातावर पडली होती आणि तो हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून बसली होती. रडत नव्हती. “शर्ट उचला, कुणीतरी शर्ट उचला,” एवढंच म्हणत होती. काकूंनी ते सगळे शर्ट उचलले. एक चाकाखाली होता, तो ओढताना फाटला.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं आणि अंगठ्याच्या मुळाशी मार बसला होता. हॉस्पिटलच्या बाकावर काका-काकू शेजारी शेजारी बसले. काकांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “तू ‘थांबा’ म्हणाली होतीस ना?”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“इंजिनाच्या आवाजात ‘थांबा’मधलं ‘थां’ विरलं असणार,” काका म्हणाले. “मी नुसतं ‘बा’ ऐकलं आणि त्याचं ‘जा’ केलं. तसंच झालंय. तू कधी न बघता सांगणार नाहीस.”

सांगायचं असतं तर ती वेळ होती. पुढे काकूंनी त्या बाकाशी मनाने हजार वेळा परत जाऊन पाहिलं, आणि दर वेळी तिथे बसून त्या खरं बोलल्या. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, “हं.”

तो ‘हं’ पोलिसाच्या कागदावर गेला. पोलिसाने काकांना विचारलं, काकांनी सांगितलं, त्याने लिहून घेतलं: पत्नीने थांबण्यास सांगितले असता चालकास ते नीट ऐकू आले नाही. खाली दोघांच्या सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी लेक धावत आली. ती घाबरली होती आणि घाबरलेलं माणूस बोलतं तसं बोलली. बाबा, किती दिवसांपासून ऐकू येत नाही तुम्हाला? सांगितलं का नाहीत? मी माझं पोर तुमच्याबरोबर गाडीत पाठवत होते. काका मान खाली घालून ऐकत राहिले. मग उठून त्यांनी उघडीची किल्ली आणून लेकीच्या हातात दिली. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ओट्यावर दूध उतू गेलं ते त्यांना दिसत होतं, पण हलता येत नव्हतं.

लेकीनेच कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या बाईंनी आलेख दाखवून सांगितलं की वयाच्या मानाने थोडं कमी आहे, पण यंत्र लागेलच असं नाही. काका हट्टाला पेटले. लागेल, म्हणाले. एका माणसाचा हात मोडलाय. मग दोन्ही कानांमागे बोराएवढी दोन यंत्रं आली. ती मधेच शिट्टी घालत. भांडी घासल्याचा आवाज त्यांतून काकांना कपाट कोसळल्यासारखा येई.

त्या यंत्रांपेक्षा वाईट गोष्ट दुसरीच झाली. काकांचा आपल्या ऐकण्यावरचा विश्वास उडाला. दुकानदाराने वजन सांगितलं तर ते दोनदा विचारत. फोन वाजला की काकूंकडे देत. मोजणीबद्दल सल्ला विचारायला आलेल्या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी सांगून टाकलं की आता माझ्यावर विसंबू नका. आणि घरात दिवसातून पंचवीस वेळा, “काय म्हणालीस?” काकू परत सांगत. चहा ठेवलाय म्हणाले. पंखा बंद करा म्हणाले. दर वेळी परत सांगताना त्यांना वाटे, आता पुढचं वाक्य तेच बोलावं. आणि त्या काहीतरी कामाला उठत.

उघडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली.

काकू टेलरताईकडे जायला लागल्या ते अपघातानंतर आठव्या दिवशी. पहिल्यांदा सूप घेऊन गेल्या. दुकान म्हणजे एकच खोली, दोन शिलाई मशिनं, मधोमध कापायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेली कागदी मापं. टेलरताई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून डाव्या हाताने शिवण उसवायचा प्रयत्न करत होती. काकू पाच मिनिटं बघत राहिल्या, मग म्हणाल्या, “द्या इकडे.”

तेव्हापासून दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी त्या जायला लागल्या. उसवणं, काजं, बटणं, हुक, पायजम्यांच्या मुडपण्या. टेलरताई कडक होती. टाका वाकडा गेला की उसवायला लावायची. “काकू, पुस्तकाला पट्टी मारत नाही आहात, माणूस घालणारे हे,” म्हणायची. काकूंना ते बोलणं बरं वाटे. कुणीतरी आपल्याला रागावतंय, याचंच बरं वाटे.

पण गिऱ्हाईक आलं की टेलरताई वेगळंच बोलायची. काकूंकडे हात करून सांगायची की ह्यांची काही चूक नव्हती, ह्या तर थांबा म्हणाल्या होत्या, तरी बघा कशा येतात. गिऱ्हाईक कौतुकाने बघे. काकू सुईत दोरा ओवायला खाली वाकत, आणि दोरा ओवलेला असला तरी पुन्हा काढून ओवत.

प्लास्टर निघालं, पण अंगठ्यात पूर्वीची पकड आली नाही. जाड कापड कापायची मोठी कात्री टेलरताईच्या हातात थरथरायची. ती रबरी चेंडू दाबत बसे, शंभर वेळा सकाळी, शंभर वेळा संध्याकाळी. कापायचं काम तिने दुसऱ्या एका शिंप्याकडे द्यायला सुरुवात केली. त्याबद्दल काही बोलून दाखवत नसे, पण तयार कापलेले तुकडे आले की ते उलटेसुलटे करून बघत बसे. तिच्या कापण्यासाठी लोक गावाच्या दुसऱ्या टोकाहून यायचे, हे काकूंना तिथे बसूनच कळलं होतं.

सातव्या महिन्यातला एक गुरुवार. काका त्या दिवशी पहिल्यांदाच दुकानात आले. काकू छत्री विसरल्या होत्या, ती द्यायचं निमित्त. दारातच उभे राहिले. टेलरताईने खुर्ची पुढे केली आणि ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाली, “बसा, काका.” काका बसले नाहीत. त्यांनी टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि हात जोडले.

“माझ्या कानांपायी तुमचा हात गेला,” ते म्हणाले. “मला आधीच कळायला हवं होतं. मला माफ करा.”

टेलरताई काहीतरी पुटपुटली. काकांच्या यंत्राने शिट्टी घातली, त्यांनी ओशाळून कानामागे बोट लावलं, छत्री दाराशी टेकवली आणि ते गेले.

 टेलरताई एका बाहीची शिवण उसवत होती. मान वर न करता ती म्हणाली, “काकू, त्या दिवशी मला तुमचं कानातलं दिसत होतं.”

काकूंच्या हातातलं बटण खाली पडलं.

“तुमच्या दाराच्या जरा मागे होते मी. तुमची झडप उघडी होती. पांढरा खडा, हाच.” तिने पात्याच्या टोकाने काकूंच्या कानाकडे दाखवलं. “मी म्हटलं, आता ह्या मान वळवतील, मी दिसेन, गाडी थांबेल. मान काही वळली नाही. मग तुम्ही ‘जा’ म्हणालात. तेही ऐकलं मी.”

“मग इतके दिवस...” काकू म्हणाल्या.

“सांगणारच होते. शिव्या घालणार होते तुम्हाला. तुम्ही पहिल्यांदा सूप घेऊन आलात ना, तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं. मग तुम्ही ते उसवायला बसलात.” तिने बाही बाजूला ठेवली. “आणि खरं सांगू का, मलाही गाडीचा डावा दिवा दिसला होता. लुकलुकत होता चांगला. गणवेश पाचच्या आत पोचवायचे होते. म्हटलं, जाऊ घुसून. मी हे पोलिसाला सांगितलं नाही. तुम्ही तुमचं सांगितलं नाहीत. आपलं दोघींचं चाललं होतं बरं.”

काकू रडत होत्या. टेलरताईने त्यांना रडू दिलं.

“पण ते आत्ता माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले, ते मला नाही बघवलं,” ती म्हणाली. “मी काही त्यांना सांगायची नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण ते इथे परत असे आले तर मला गप्प बसता येणार नाही.”

काकू छत्री न घेताच घरी आल्या. काका जेवणाच्या टेबलाशी बसून छोट्या ब्रशने कानाची यंत्रं साफ करत होते, समोर पांढरा रुमाल अंथरलेला. काकू समोरच्या खुर्चीवर बसल्या. चप्पल काढायचीही राहून गेली होती.

“अहो, मी ‘थांबा’ म्हणाले नव्हते,” त्या म्हणाल्या. “मी ‘जा’ म्हणाले. मी मान वळवलीच नव्हती. तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं.”

काकांचा हात थांबला. यंत्रं रुमालावर होती, कानात काहीच नव्हतं.

“परत सांग.”

“तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“नीट ऐकू आलं. तरी परत सांग.”

काकूंनी परत सांगितलं, शब्द न शब्द. काकांनी यंत्रं डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं, रुमालाची घडी घातली. मग उठून मागच्या शेडमध्ये गेले. काकूंनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी ताडपत्री अर्धी दूर केली होती आणि ते चालकाच्या जागी बसले होते. एवढंच. दिवेलागणीपर्यंत बसून होते.

पुढचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. गॅस संपलाय. पाणी आलंय. काका आता “काय म्हणालीस” विचारत नव्हते, आणि ते न विचारणं काकूंना विचारण्यापेक्षा जड जात होतं. पाचव्या दिवशी सकाळी काका वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, “का नाही पाहिलंस?”

काकूंनी बागेतल्या त्या दुपारचं सांगितलं. डोळ्यांचं काम, डोक्याचं काम, ती हसणारी बाई. काका कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

“मी असं म्हणालो?”

“म्हणालात.”

“मला आठवतसुद्धा नाही.” त्यांनी चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला. “वाईट बोललो मी. पण ते सोड. अपघाताचंही सोड, आरसा मी लावला नव्हता, मिस्त्री कानीकपाळी ओरडत होता. त्यात माझाही वाटा आहे. पण सात महिने, अगं. सात महिने मी रोज तुला विचारत होतो, काय म्हणालीस, काय म्हणालीस. आणि तू रोज परत सांगत होतीस. तुला एकदाही वाटलं नाही सांगावं?”

“रोज वाटलं.”

“मग?”

काकूंनी उत्तर शोधलं. भीती वाटली, लाज वाटली, दिवस उलटले तसं अवघड होत गेलं, हे सगळं खरं होतं, आणि यातलं काहीच बोलण्यासारखं नव्हतं. “मग काही नाही,” त्या म्हणाल्या. “नाही सांगितलं.”

काकांनी मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. लेकीला हे काकूंनी स्वतः सांगायचं, आणि चौकीवर जाऊन कागद दुरुस्त करायचा. “खोट्या कागदावर माझी सही आहे,” ते म्हणाले. “माझ्या सगळ्या नोकरीत असं झालं नव्हतं.”

लेकीला फोन काकूंनी त्याच दुपारी केला. पलीकडून इतका वेळ काही ऐकू येईना की त्यांना वाटलं फोन कटला. मग लेक म्हणाली, “आई, मी बाबांना काय काय बोलले तुला माहीत आहे ना? तू तिथेच उभी होतीस.” काकू हो म्हणाल्या. “बाबांना दे फोन,” लेक म्हणाली. काका फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेले आणि अर्धा तास बोलत होते. यंत्रं डबीतच होती. काकूंशी लेक त्यानंतर दोन आठवडे बोलली नाही. मग एकदा कोणतं तरी औषध विचारायला तिने फोन केला, आणि औषधाचंच बोलली, पण केला.

मिस्त्री आला आणि त्याने पत्र्याला दोन भोकं पाडून डावा आरसा लावला. मागच्या खिडकीला नवीन प्लास्टिक शिवून घ्यायचं होतं. ते काकूंनी टेलरताईकडे नेलं. तिने जाड सुईने ते मशिनवर घातलं, कोपऱ्यात अंगठा दुखला तेव्हा थांबली, पुन्हा बसली. काम झाल्यावर काकूंनी तिला सांगितलं की आम्ही चौकीवर जाणार आहोत. “मला दिवा दिसला होता, तेही सांगा मग,” टेलरताई म्हणाली. काकू नाही म्हणाल्या. ते तिचं तिने बघायचं होतं.

चौकीवर ते उघडीतूनच गेले, छप्पर मागे टाकून. हवा गारच होती, पण काकांनी छप्पर चढवायचं नाव काढलं नाही. गिरणीच्या कोपऱ्यावर गाडी मंदावली. काकांनी नव्या आरशात पाहिलं, मग स्वतः अंगासकट मागे वळून पाहिलं, एक मोटारसायकल गेली ती जाऊ दिली, आणि वळले. त्यांनी विचारलं नाही. काकूंनी पाहिलं होतं, रस्ता मोकळा होता, ओठांवर शब्द आला होता. त्यांनी तो गिळला. पर्स घट्ट धरून त्या बसून राहिल्या.

चौकीवरच्या पोलिसाला काही समजेना. ते प्रकरण केव्हाच मिटलं होतं. जखमी बाईची तक्रार नव्हती, विम्याचं झालं होतं. “आता काय फरक पडतो, काकू?” त्याने विचारलं, जरा चिडूनच, कारण त्याची जेवायची वेळ झाली होती. काका म्हणाले, फरक पडतो. ते इतक्या शांतपणे म्हणाले की पोलिसाने उठून कपाट उघडलं.

जुन्या कागदाला नवीन जबाब जोडता येईल, पण तो स्वतःच्या हाताने लिहावा लागेल, असं तो म्हणाला. त्याने एक कोरा कागद आणि पेन दिलं. काकू बाकावर बसल्या. त्यांचं अक्षर सुंदर होतं, ग्रंथालयातली सगळी कार्डं त्यांच्याच हातची. त्यांनी लिहिलं की त्या रविवारी साडेचार वाजता गाडीत डावीकडे बघण्याचे काम माझ्याकडे होते. मी पाहिले नाही. न पाहता ‘जा’ असे सांगितले. नंतर पतीने स्वतःला दोष दिला, ते मी दुरुस्त केले नाही. पतीला नीट ऐकू आले होते.

पोलिसाने वाचलं. “कारण लिहा,” तो म्हणाला. “का पाहिलं नाही, ते लागतं.”

काकू थांबल्या. पेनचं टोक कागदावर टेकलेलं.

“लिही, माझ्या बोलण्याचा राग आला होता,” काका म्हणाले. ते खिडकीशी उभे होते, पाठमोरे.

काकूंनी थोडा विचार केला आणि लिहिलं, मी रागात होते. कुणाच्या, ते लिहिलं नाही. मग सही केली.

काकांनी कागद मागून घेतला आणि चष्मा लावून वाचला, वरपासून खालपर्यंत, पूर्वी लोकांच्या जमिनींचे कागद वाचायचे तसा. “वेळ चुकली आहे,” ते म्हणाले. “साडेचार नव्हते. पाच वाजायला दहा मिनिटं होती. मी वळायच्या आधी घड्याळ पाहिलं होतं.”

काकूंनी साडेचारवर रेघ मारली, वर वेळ लिहिली, शेजारी पुन्हा छोटी सही केली. पोलिसाने शिक्का मारला. शाई अर्धीच उमटली, म्हणून दुसऱ्यांदा मारला आणि प्रत काकूंकडे सरकवली. काकूंनी ती काकांपुढे धरली.

“तुझ्याकडेच ठेव,” काका म्हणाले, आणि गाडीकडे चालू लागले. दारापाशी काकू मागे राहिल्यात हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते थांबले.